बाळासमोर कोणी ओढत नाही, मग चौदा वर्षांच्या मुलासमोर का?

शांत_दुपार
नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळणारा प्रश्न मांडते आहे.

माझे मोठे दीर अधूनमधून आमच्याकडे येऊन राहतात. माणूस अतिशय प्रेमळ, मुलांवर जीव टाकणारा. सिगारेट मात्र सुटत नाही. माझा मुलगा तान्हा होता तेव्हा भाऊजी कोणी न सांगता खाली जाऊन ओढून यायचे. आल्यावर हात धुवायचे, शर्ट बदलायचे आणि मगच त्याला उचलून घ्यायचे. आता तो चौदा वर्षांचा झाला आहे, आणि तेच भाऊजी त्याच्याशी गप्पा मारता मारता त्याच्या शेजारी बसून पेटवतात. घरात कोणालाच त्यात काही वावगं वाटत नाही. मी खिडकी उघडते, पंखा लावते, पण त्याने समाधान होत नाही.

एकट्या भाऊजींना बोल लावायचा नाही. घरात गरोदर बाई असली किंवा बाळ असलं की माणसं आपणहून उठून बाहेर जातात, हे मी अनेक घरांत पाहिलंय. तेच मूल बारा-तेरा वर्षांचं झालं, आवाज फुटला, की ते मोठ्यांत जमा होतं आणि मग कोणी उठत नाही.

माझे दोन प्रश्न आहेत. या वयात त्या धुराचा अपाय खरंच कमी होतो का? आणि भाऊजींना सांगायचं कोणी? मी, नवऱ्याने, की मुलाने स्वतः?

चौकस
वाचतोय. दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा अवघड आहे.

छातीचा_डॉक्टर
पहिल्याचं उत्तर मी देतो. नाही, कमी होत नाही.

फुफ्फुसं जन्मतः पूर्ण तयार नसतात. त्यांची वाढ मुलींमध्ये साधारण विशीच्या उंबरठ्यापर्यंत आणि मुलांमध्ये विशी ओलांडून थोडी पुढेही चालू राहते. उंची झपाट्याने वाढते त्याच वर्षांत छातीत हवा भरून घेण्याची ताकदही झपाट्याने वाढते. या वयात जेवढी ताकद कमावली, तेवढ्यावरच पुढचं आयुष्य काढायचं असतं, कारण नंतर ती दरवर्षी थोडी थोडी घटतच जाते. त्यामुळे नेमक्या वाढीच्या वर्षांत रोज धूर मिळणं ही लहान गोष्ट नाही.

लोक बाळांच्या बाबतीत जपतात त्याचं कारण असं की तिथे अपाय पटकन दिसतो. वारंवार कान फुटणं, न्यूमोनिया, घरघर, आणि सगळ्यात भयंकर म्हणजे झोपेतला अचानक मृत्यू. चौदा-पंधराव्या वर्षी तो इतका उघड नसतो. सर्दी नसताना खोकला, जिना चढताना धाप, दमा असेल तर पंप जास्त वेळा लागणं, एवढंच दिसतं. पालक म्हणतात, व्यायाम करत नाही म्हणून दम लागतो.

जे अजिबात दिसत नाही त्याचीही उदाहरणं देतो. अमेरिकेत १२ ते १९ वयोगटातल्या दीड हजारांहून अधिक मुलामुलींची ऐकण्याची तपासणी झाली होती, निष्कर्ष २०११ मध्ये आले. ही स्वतः न ओढणारी मुलं होती. ज्यांच्या रक्तात दुसऱ्याच्या धुराची खूण सापडली, त्यांच्यात आतल्या कानाच्या बिघाडाचं प्रमाण जास्त निघालं. त्यातल्या बहुतेकांना आपल्याला कमी ऐकू येतंय याचा पत्ताच नव्हता. रक्तवाहिन्यांचंही तसंच. फिनलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या मुलांचा मोठेपणापर्यंत पाठपुरावा करून २०१४ मध्ये असं आढळलं की आई आणि वडील दोघेही ओढत असलेल्या घरांत वाढलेल्यांच्या मानेतल्या रक्तवाहिन्या त्यांच्या वयाच्या मानाने सुमारे ३.३ वर्षांनी म्हाताऱ्या होत्या.

मोकळा_वारा
मी ओढतो, आधीच सांगून टाकतो. घरात नाही, बाल्कनीत, दार ओढून घेऊन. मला दोन मुलगे आहेत, त्यामुळे हा धागा माझ्यासाठीही आहे.

तरी काही गोष्टी पटत नाहीत. हीच मुलं रस्त्यावर रोज तासभर गाड्यांचा धूर घेतात, त्याचं काय? तिथे कोणी काही बोलत नाही आणि माझ्या एका सिगारेटवर सगळे तुटून पडतात. आमच्या लहानपणी घरात तीन माणसं ओढायची, एकाच खोलीत. आम्ही सगळे भाऊ धडधाकट आहोत.

सायलीचा_वेल
@मोकळा_वारा, मुद्दा समजला, पण 'आम्ही धडधाकट आहोत' याला एक अनुभव जोडते.

आमच्याही घरात बैठकीच्या खोलीत धूर असायचा. मला कधी काही झालं नाही. माझ्या धाकट्या बहिणीला दमा होता. पाहुणे आले की ती आतल्या खोलीत जाऊन दार लावून बसायची. सगळे तिला माणूसघाणी म्हणायचे, आई रागवायची की बाहेर ये, नमस्कार कर. तेरा वर्षांच्या मुलीला 'मला तुमच्या धुराने श्वास घेता येत नाही' असं पाहुण्यांना सांगता येईना, म्हणून ती माणसंच टाळायला लागली. तिच्या फुफ्फुसांचं झालं ते डॉक्टरांनी बरं केलं. ज्या वयात माणसांत मिसळायचं त्या वयात ती बंद दाराआड राहिली, ते मात्र भरून निघालं नाही. एकाच घरात, एकाच धुरात आम्ही दोघी वाढलो. माझ्या धडधाकट असण्यावरून तिच्याबद्दल काय सिद्ध होतं?

चौकस
सायली, हा प्रतिसाद फार लागला.

आकडेमोड
@मोकळा_वारा, गाड्यांच्या धुराविषयी. तो वाईटच आहे आणि त्याविरुद्ध बोलायलाच हवं. पण एक अपाय टाळता येत नाही म्हणून हातात असलेला दुसरा टाळू नये, असं होत नाही ना? रस्त्यावरची हवा तुम्ही एकट्याने बदलू शकत नाही. घरातली आज संध्याकाळपासून बदलू शकता.

प्रमाणाचा अंदाज देतो. हवेतल्या सूक्ष्म कणांसाठी, म्हणजे पीएम २.५ साठी, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिवसाची सरासरी घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचवली. बंद गाडीत एक सिगारेट ओढली की आतली हवा त्याच्या कित्येक पटींनी वर जाते. काच खाली केली तर प्रमाण उतरतं, पण निर्धोक होत नाही.

जगभराचा हिशेब मांडणारा एक मोठा अभ्यास २०११ मध्ये आला, त्यात २००४ सालची स्थिती होती. त्या वर्षी जगातली ४० टक्के मुलं दुसऱ्याच्या धुरात श्वास घेत होती, आणि त्या धुरामुळे झालेले मृत्यू ६ लाख ३ हजार होते, त्यात १ लाख ६५ हजार मुलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये वर्षाला सुमारे १३ लाख मृत्यू सांगितले होते. हे सगळे स्वतः न ओढणारे लोक.

आणि 'बाहेरची हवा तरी कुठे चांगली आहे' हा युक्तिवाद आपल्यापर्यंत आपोआप आलेला नाही. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या तंबाखू कंपन्यांच्या संघटनेसाठी रोपर या संस्थेने जनमत पाहणी केली होती. ओढणारा स्वतःचं काय करून घेतो हा त्याचा प्रश्न, पण तो शेजारच्याचं काय करतो हा मुद्दा लोकांना पटला तर धंद्याला सगळ्यात मोठा धोका तोच, असा त्या अहवालाचा सूर होता. त्यानंतर कित्येक वर्षं या कंपन्यांनी घरातल्या हवेत दोष द्यायला इतर कारणं शोधण्यावर पैसा ओतला.

मोकळा_वारा
कंपन्यांचं माहीत नव्हतं. मान्य. पण मग बाल्कनीत ओढणाऱ्याने अजून काय करावं? हे मी भांडायला विचारत नाही, खरंच विचारतोय.

प्रयोगशाळा
रसायनशास्त्राशी रोजचा संबंध असल्याने मी लिहिते.

सिगारेटमधून दोन प्रकारचा धूर निघतो. एक ओढणाऱ्याच्या तोंडातून बाहेर येतो. दुसरा झुरक्यांच्या मधल्या वेळात पेटत्या टोकावरून नुसताच वर जात राहतो. खोलीत साचणाऱ्या धुरातला सुमारे ८५ टक्के वाटा या दुसऱ्याचा असतो. तो फिल्टरमधून गेलेला नसतो. झुरक्यांच्या मधल्या वेळात टोकाचं तापमान उतरतं, जळणं अर्धवट होतं, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया, नायट्रोसामाइन अशा कित्येक घातक गोष्टी त्यात जास्तच असतात. म्हणजे शेजारी बसलेल्याला सौम्य धूर मिळतो हा समज उलटा आहे. एकूण तंबाखूच्या धुरात ७,००० हून जास्त रसायनं मोजली गेली आहेत आणि त्यातली ७० च्या आसपास कर्करोगकारक आहेत.

आता बाल्कनी. दाराच्या फटीतून, शेजारच्या खिडकीतून, वाऱ्याच्या दिशेप्रमाणे धूर आत येतोच. शिवाय ओढून झाल्यावर लगेच आत आलात तर पुढची काही मिनिटं तुमच्या श्वासातूनही तो बाहेर पडत असतो. बसायच्या खोलीपेक्षा बाल्कनी बरी हे खरं, पण तिथे प्रश्न मिटत नाही. इमारतीबाहेर, खिडक्या-दारांपासून लांब जाणं आणि परत आत यायला थोडा वेळ जाऊ देणं हे जास्त चांगलं.

पंखा धूर पसरवतो. हवा शुद्ध करणारं यंत्र कण बरेचसे पकडतं, वायू मात्र त्यातून बऱ्याच अंशी सुटतात. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या, २००६ च्या अहवालात दोन गोष्टी स्पष्ट आहेत. या धुराची निर्धोक अशी कुठलीही पातळी नाही, आणि ओढणाऱ्यांची जागा वेगळी करून, हवा खेळती ठेवून किंवा गाळून न ओढणाऱ्यांचं पूर्ण रक्षण होत नाही.

वास गेला म्हणजे धूर गेला असंही नाही. पडदे, सोफा, गाडीच्या सीट यांवर निकोटिन चिकटून राहतं. घरातल्या हवेतल्या नायट्रस आम्लाशी त्याचा संयोग होऊन नायट्रोसामाइन तयार होतात, हे २०१० मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं.

शांत_दुपार
प्रयोगशाळा, खूप आभार. म्हणजे माझा पंखा लावणं व्यर्थच होतं. हे कोणीतरी इतकं सरळ सांगायला हवं होतं.

जुना_सभासद
जागा वेगळी करण्यावरून विमानं आठवली. तरुण वाचकांना खरं वाटणार नाही, पण एके काळी विमानात ओढणाऱ्यांच्या रांगा आणि न ओढणाऱ्यांच्या रांगा असायच्या. मध्ये भिंत नाही, पडदा नाही, फक्त पाटी. मला एकदा न ओढणाऱ्यांतली शेवटची रांग मिळाली होती. धुराला पाटी वाचता येत नाही हे त्या रात्री कळलं.

ते बंद व्हायलाही टप्पे लागले. अमेरिकेत १९८८ मध्ये दोन तासांपर्यंतच्या देशांतर्गत उड्डाणांवर बंदी आली, १९९० मध्ये ती सहा तासांपर्यंत वाढली. विमानातल्या कर्मचाऱ्यांनी त्यासाठी मोठी लढाई दिली, कारण प्रवासी उतरून जायचे आणि ते पुन्हा त्याच हवेत चढायचे. आज विमानात कोणी पेटवली तर आपण सगळे किंचाळू. सवय बदलते, लोक समजतात तेवढा वेळही लागत नाही.

चौकस
'धुराला पाटी वाचता येत नाही' हे उपाहारगृहांतल्या 'धूम्रपान विभागा'च्या वर लावायला हवं.

अकरावी_अ
मी इथे नेहमी फक्त वाचतो. वय सतरा आहे, म्हणून लिहावंसं वाटलं.

काकू, तुम्ही घराबद्दल लिहिलंय. आमच्या वयाच्या मुलांना घराबाहेरही हे मिळतं, आणि तिथे आई-बाबा नसतात. क्लास सुटला की आमचा घोळका कोपऱ्यावर उभा राहतो. दोघं-तिघं ओढतात, बाकीचे नुसते उभे असतात. मी बाकीच्यांतला. मला तो वास आवडत नाही, डोळे चुरचुरतात. तरी मी जात नाही, कारण दिवसभरातल्या खऱ्या गप्पा तिथेच होतात. कोणाचं काय बिनसलंय, कोण घरी का जायला मागत नाही, सगळं तिथेच कळतं. धुरापासून लांब जायचं म्हणजे मित्रांपासून लांब जायचं.

मोठी माणसं म्हणतात, त्रास होतो तर उठून जा. लहान बाळ जाऊ शकत नाही आणि आम्ही जाऊ शकतो, असं त्यांना वाटतं. पाय आहेत म्हणून जाता येतंच असं नसतं.

सायलीचा_वेल
अकरावी_अ, तू लिहिलंस हे फार बरं केलंस. माझ्या मते या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद.

शाळेतली_बाई
अगदी. मी आठवी ते दहावीला शिकवते. मुलं सिगारेटबद्दल सगळं जाणतात, पाठ म्हणून दाखवतात. 'नको म्हणायला शिका' हे आम्ही त्यांना शिकवतो ते स्वतः ओढण्याबाबत. दुसरा ओढत असताना मैत्री न तोडता काय म्हणायचं, हे कोणी शिकवत नाही. मी वर्गात एकदा मुलांनाच वाक्यं सुचवायला सांगितली. 'चल, चालत बोलू' हे सर्वांना आवडलं. उघड्यावर चालत राहिलं की धूर एका जागी साचत नाही, आणि कोणाचा अपमानही होत नाही. धूर पूर्ण टळत नाही हे मान्य, पण अडकून उभं राहण्यापेक्षा बरं.

१३ ते १५ वयाच्या शाळकरी मुलांचं जागतिक सर्वेक्षण १९९९ पासून वेगवेगळ्या देशांत होतं. त्यात 'गेल्या सात दिवसांत तुझ्यासमोर घरात कोणी ओढलं का' असा प्रश्न असतो, आणि घराबाहेरच्या जागांविषयीही वेगळं विचारतात. म्हणजे या वयाला दोन्हीकडून धूर मिळतो हे अभ्यासकांनी केव्हाच ओळखलंय. आपण पालक-शिक्षकच फक्त 'ओढतो का नाही' एवढं विचारून थांबतो.

दोन_मुलींचा_बाप
याच अनुषंगाने विचारतो, कृपया मदत करा. मोठी मुलगी सोळाची आहे. गेले काही दिवस तिच्या ओढणीला, केसांना सिगारेटचा वास येतो. ती म्हणते, मैत्रिणी ओढतात, मी नाही. विश्वास ठेवावासा वाटतो, पण रात्री झोप लागत नाही. लघवीची किंवा थुंकीची एक तपासणी असते असं वाचलं. करून घ्यावी का?

छातीचा_डॉक्टर
ती तपासणी कोटिनिनची. शरीरात निकोटिनपासून कोटिनिन तयार होतं आणि साधारण सोळा-सतरा तासांत ते निम्मं होतं, त्यामुळे मागच्या दोन-तीन दिवसांचा अंदाज येतो. मी वर 'रक्तात धुराची खूण' म्हणालो ती हीच. शेजारी बसणाऱ्यांत पातळी कमी आणि नियमित ओढणाऱ्यांत पुष्कळ जास्त असते, म्हणून संशोधनात ती उपयोगी पडते.

पण तुमच्या मुलीची करू नका, असं मी आग्रहाने सांगेन. क्वचित एखादी ओढणाऱ्याची पातळीही कमी येऊ शकते, म्हणजे तुमची शंका पूर्ण मिटेलच असं नाही. आणि ती खरं बोलत असेल तर? तिने तुम्हाला आपणहून सांगितलंय की मैत्रिणी ओढतात. या वयातली मुलगी बापाला हे सांगते, ही मोठी गोष्ट आहे. तिला विचारा की तुला त्या धुराचा त्रास होतो का. प्रश्न तिच्या चारित्र्याचा न करता तिच्या छातीचा करा.

एक मात्र खरं, घरातली माणसं ओढत असतील तर मुलं पुढे स्वतः ओढायला लागण्याची शक्यता वाढते. हे अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. म्हणून तिच्या आजूबाजूला कोण ओढतं याकडे लक्ष असू द्या, पण पहारेकऱ्यासारखं नको.

दोन_मुलींचा_बाप
धन्यवाद डॉक्टर. प्रश्न तिच्या छातीचा करा, हे लक्षात ठेवतो. आजच बोलतो.

मैदानकर
अवांतर होईल, पण धावण्याचा सराव घेतो म्हणून लिहितो. सिगारेट न ओढणारी, तरी अचानक वेळ मंदावलेली मुलं येतात. मी झोप, आहार विचारतो, आणि हल्ली 'तुमच्या खोलीत कोणी ओढतं का' हेही विचारतो. एका मुलाने सांगितलं, मोठा भाऊ रात्री अभ्यास करताना ओढतो आणि खोली एकच आहे. भावाला मैदानावर बोलावलं, धाकट्याचं धावणं बघायला लावलं. भाषण दिलं नाही. तो त्या दिवसापासून गच्चीवर जातो.

चौकस
ई-सिगारेटचं काय? माझा भाचा म्हणतो ती नुसती वाफ आहे, कोणाला काही होत नाही.

प्रयोगशाळा
पाण्याची वाफ नाही ती. प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, वासासाठी घातलेली रसायनं, बहुतेक वेळा निकोटिन आणि अतिसूक्ष्म कण, यांचा तो फवारा असतो. ती सतत जळत नसल्यामुळे शेजाऱ्याला मिळणारा डोस सिगारेटपेक्षा कमी असतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि बंद खोलीत मुलांसमोर ती नकोच. हुक्क्याचं उलट आहे. तिथे कोळसाही जळत असतो, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड भरपूर.

मोकळा_वारा
कायद्याबद्दल एक शंका. सगळीकडे बंदी घातली की माणूस ओढायला घरीच येणार. मग मुलांना उलट जास्त धूर मिळेल, नाही का?

आकडेमोड
ही भीती अगदी रास्त आहे आणि ती तपासूनही झाली आहे. मार्च २००४ मध्ये आयर्लंडने कामाच्या सगळ्या बंदिस्त जागांत धूम्रपान बंद केलं, संपूर्ण देशभर असं करणारा तो पहिला देश. स्कॉटलंडने मार्च २००६ मध्ये केलं, आणि तिथे अकरा वर्षांच्या आसपासच्या मुलांच्या लाळेतलं कोटिनिन कायद्याआधी आणि नंतर मोजलं. सरासरी ३९ टक्क्यांनी घटलं. म्हणजे धूर घरी सरकला नाही. कायद्याआधी मुलांचं दम्यामुळे रुग्णालयात दाखल होणं दरवर्षी सुमारे ५ टक्क्यांनी वाढत होतं, नंतर ते दरवर्षी सुमारे १८ टक्क्यांनी घटू लागलं.

पण कोटिनिनच्या त्या अभ्यासातली दुसरी गोष्टही सांगतो. कोटिनिनची घट मुख्यतः कोणीच ओढत नसलेल्या किंवा फक्त वडील ओढत असलेल्या घरांतल्या मुलांत दिसली. जिथे आई किंवा आई-वडील दोघे ओढत होते, तिथे म्हणण्यासारखा फरक पडला नाही. घराच्या आत काय करायचं हे घरानेच ठरवावं लागतं.

गाडीपर्यंत मात्र काही देश पोचलेत. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०१५ पासून अठरा वर्षांखालचं कोणी गाडीत असेल तर ओढणं गुन्हा आहे. लक्षात घ्या, अठरा. बाळापुरतं नाही.

शांत_दुपार
अठरा वर्षं वाचून बरं वाटलं. माझा मूळ प्रश्न हाच होता की रेघ कुठे ओढायची.

दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळेल का? भाऊजी पुढच्या आठवड्यात येताहेत.

जुना_सभासद
वळतो. नवऱ्याने सांगावं. सख्ख्या भावाने सांगितलेलं घरातलं बोलणं राहतं, भावजयीने सांगितलं की त्याचा 'विषय' होतो. योग्य की अयोग्य हा वाद नंतर घालू, आधी मुलाचं काम होऊ दे.

सायलीचा_वेल
काका, मला पटत नाही. घर तिचंही आहे, मूल तिचंही आहे. तिने प्रेमाने पण स्वतः सांगावं.

शाळेतली_बाई
आई सांगो वा बाबा, पण मुलाला पुढे करू नका. 'त्याला त्रास होतो म्हणतोय' असं म्हटलं की मूल कानकोंडं होतं आणि काकांना वाटतं आपली तक्रार झाली. 'आमच्या घरात आम्ही आता असं ठरवलंय' असं म्हणा. नियम घराचा असला की तो कोणा एकाविरुद्ध नसतो.

अकरावी_अ
बाईंशी सहमत. आमच्या वयाला कोणीतरी आमचं नाव न घेता आमच्या बाजूने बोललेलं हवं असतं.

मोकळा_वारा
आणि ओढणाऱ्याच्या बाजूने एक सूचना. पाहुण्याला पहिल्याच दिवशी, पहिली पेटवायच्या आधी सांगा. हातात पेटलेली असताना सांगितलं की फार ओशाळवाणं होतं आणि माणूस उगाच वाद घालतो. ओढायची जागा कुठे आहे तेही दाखवा. 'इथे नको' इतकं म्हणून सोडू नका, 'खाली त्या बाजूला जा' म्हणा.

शांत_दुपार
धागा वर काढते आहे. भाऊजी येऊन गेले.

शेवटी आम्ही दोघांनी मिळून सांगितलं, ते आल्या आल्या. ते म्हणाले, "अगं, तो आता मोठा झाला ना, म्हणून मी काही मनात आणलं नाही." लगेच ऐकलं. संध्याकाळी पाकीट घेऊन खाली गेले.

मात्र एक गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती, ती अकरावी_अ ने लिहिली होती. दुसऱ्या दिवशी मुलगा हिरमुसलेला दिसला. विचारलं तर म्हणाला, काका सिगारेट पेटवली की निवांत बसून माझ्याशी बोलायचे, आता खाली एकटेच जातात. त्याला धूर नकोच होता, काका हवे होते. मी हे भाऊजींना जसंच्या तसं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग जेवणानंतरचा त्यांचा वेळ फक्त गप्पांचा ठरला, सिगारेट त्याच्या नंतर, खाली, एकट्याने. राहिले तोवर त्यांनी ते पाळलं.

सायलीचा_वेल
वाचून डोळ्यांत पाणी आलं. भाऊजींना माझा नमस्कार सांगा.

मोकळा_वारा
रस्त्यावरच्या धुराबद्दलचं माझं मत कायम आहे, त्यावर वेगळा धागा काढतो. बाल्कनी मात्र मी बंद केली. धाकट्याच्या खोलीची खिडकी बरोबर तिच्या शेजारी आहे.

शांत_दुपार
मोकळा_वारा, मनापासून आनंद झाला.

एक राहिलंय. भाऊजी राहायला आले की मुलाला गाडीतून शिकवणीला सोडायला जातात. तिथे मी नसते. मुलगा म्हणतो काका ओढत नाहीत, पण सीटला जुना वास आहेच. काय करावं?

प्रयोगशाळा
सीट, छताचं कापड आणि पायाखालच्या चटया नीट धुऊन घ्या, वातानुकूलनाची जाळी बदला, आणि काही दिवस काचा उघड्या ठेवून गाडी चालवा. एका धुण्यात सगळं जाणार नाही, दोन-तीनदा करावं लागेल. सुगंधी फवारे मारू नका, ते वास झाकतात, निकोटिन तिथेच राहतं. राखेचा डबा काढून टाका, तो असला की हात तिकडे जातो.

शांत_दुपार
करते. मुलाला आणि भाऊजींना दोघांनाच लावते धुवायला, गप्पाही होतील.